खिडकीतला कट्टा
(सामुदायिक रेडिओवर आमच्या बचत गटाने केलेलं भाषण)



आज आधी एक प्रश्न विचारतो. आत्ता हा रेडिओ तुमच्या घरात कुठं ठेवलाय?

बहुतेकींच्या घरी तो खिडकीत असणार. आमच्याही घरी तिथंच असतो. आपल्या सामुदायिक केंद्राचा आवाज काही मुंबईपर्यंत जात नाही, दहा-बारा किलोमीटरच्या आतला हा कारभार. आतल्या खोलीत फळीवर ठेवला तर नुसती खरखर होते. खिडकीत ठेवला की माणूस शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू येतं. लाटा भिंतीत अडतात आणि खिडकीतून आत येतात, एवढंच त्याचं कारण. मोबाइलचंही तसंच. पोरगी पुण्याहून फोन करते तेव्हा आपण कुठं धावतो? खिडकीकडंच.

म्हणून आज त्याच जागेविषयी बोलायचं ठरवलं. म्हणजे खिडकीच्या तळाशी जी वीतभर आडवी जागा असते, तिच्याविषयी. कुणी तिला खिडकीचा कट्टा म्हणतं. गवंडी तिला सिल म्हणतो. आपण बऱ्याचदा नुसतं ‘खिडकीत’ म्हणतो. ‘कात्री कुठंय गं?’ ‘खिडकीत बघ.’ ‘औषधाची चिठ्ठी?’ ‘खिडकीतच ठेवली होती की.’ कोनाडा, देवळी, फळी, मांडणी या सगळ्यांना नावं आहेत, आणि दिवसभर जी सगळ्यात जास्त कामाला येते तिला आपण नीट नावानं हाकही मारत नाही. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. एक जण म्हणाली, ‘मग ती बाईमाणूसच म्हणायची!’

त्या बैठकीत आम्ही एक खेळ केला. प्रत्येकीनं आपापल्या खिडकीत सकाळी काय काय होतं ते आठवून सांगायचं. यादी लांबत गेली. फणी, आरशाचा तुकडा, टिकल्यांचं पाकीट, खोबरेल तेलाची बाटली. दात घासायची राखुंडी. काडेपेटी, मेणबत्ती, सुईदोरा. लाइटचं बिल, मुलाच्या शाळेची चिठ्ठी, गटाचं पासबुक. मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडींची बरणी, उन्हाला ठेवलेली. एका डब्यात कोथिंबिरीचं बी रुजत घातलेलं. चिमण्यांसाठी पाण्याची वाटी. नातवाच्या गोट्या. सासूबाईंचा चष्मा आणि त्यांची पानाची चंची.

यादी संपल्यावर आमच्यातली सगळ्यात थोरली, तिला आम्ही आजीच म्हणतो, ती म्हणाली, ‘बायांनो, यात घरधन्याचं काय आहे ते सांगा बघू.’ आम्ही पुन्हा यादी वाचली. काहीच नव्हतं. त्याचा शर्ट खुंटीवर, कागदपत्रं कपाटात, गाडीची चावी खिळ्याला. खिडकीत होतं ते बायकांचं, लेकरांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं. ज्यांच्या नावाचं घरात कपाट नसतं, त्यांचं कपाट म्हणजे खिडकीतला कट्टा. आज आम्हाला सांगायचंय ते एवढंच. बाकीचं बोलणं याच्याच आजूबाजूचं आहे.

आजीनं मग आपली गोष्ट सांगितली. ती लग्न होऊन आली तेव्हा घर माळवदाचं होतं. आपल्या या लातूर-धाराशिवच्या भागात थोरामोठ्यांनी ती घरं पाहिलीत, राहिलीत. दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, वर लाकडाच्या सऱ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊब. पण खिडक्या मोजून एक-दोन, त्याही लहान. आजीच्या सासरी मागच्या बाजूला एकच खिडकी होती. भिंत एवढी रुंद, की त्या खिडकीच्या तळाशी लेकरू मांडी घालून बसायचं.

नव्या सुनेनं पुढच्या ओसरीवर यायचं नाही, अशी रीत. डोक्यावरचा पदर सावरत ती त्या मागच्या खिडकीपाशी बसून डाळ निवडायची. तिथून तिला पाणंद दिसायची, विहिरीवर कोण आलं कोण गेलं ते दिसायचं, पाऊस कुठून येतोय ते कळायचं. ती सांगते, ‘सहा महिने मला गाव तेवढंच ठाऊक होतं.’ पुढं मुलगा शाळेत जायला लागला. तो आपली पाटी त्याच कट्ट्यावर ठेवून खेळायला पळायचा, आणि आजी डाळ निवडता निवडता ती अक्षरं गिरवायची. ग म भ न तिनं तिथंच ओळखला. आज गटाच्या वहीवर ती अंगठा करत नाही, सही करते.

पण त्या जुन्या घरांचे गोडवे गाऊन आम्ही थांबणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोण विसरेल? आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या बाजूला जमीन हलली, आणि त्याच रुंद भिंती, तीच माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. आमच्यातल्या दोघींचं माहेर त्या भागातलं. मातीत नुसते रचलेले गोटे आणि डोक्यावर मातीचा तेवढा भार, असं घर धक्का सोसू शकत नाही. हे आपण फार मोठी किंमत मोजून शिकलोय. त्यामुळं जुन्या भिंती परत आणा, असं आम्ही म्हणणार नाही.

नंतर विटांची, सिमेंटची घरं आली. भिंत नऊ इंचांची झाली. ते बरंच झालं. पण रुंद भिंतीबरोबर खिडकीतला कट्टाही गेला, आणि तो गेल्याचं कुणी बोललंच नाही. गवंडी खिडकीची चौकट भिंतीच्या आतल्या कडेला लावून मोकळा होतो. आत काडेपेटी ठेवायलाही जागा उरत नाही. बाहेरच्या बाजूला जी जागा राहते तिच्यावर पावसाचं पाणी साचतं, मुरतं आणि आतल्या भिंतीला ओल येते. म्हणजे जागा गेली ती गेलीच, वर त्रासही आला.

आता म्हणाल, वीतभर जागेचं एवढं काय? तर एक गोष्ट सांगतो. जिची गोष्ट आहे तिला विचारून सांगतोय. गाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-चार बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

आमच्या ओळखीची एक बाई. नवरा दारू प्यायचा आणि हात उचलायचा. तिनं कुणाशी बोलू नये म्हणून फोन काढून घेतलेला. दारात उभी राहिली तर ‘कुणाची वाट बघतीस’ म्हणून मार. गटाच्या बैठकीला येणं बंद झालं. आम्ही घरी गेलो की सासूच दारातून परत पाठवायची. पण रस्त्याच्या बाजूला तिच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, आणि खिडकीत काही ठेवायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. भांडी वाळत घालण्यात कुणाला काय दिसणार?

एकदा दळणाच्या गिरणीत ती दोन मिनिटं भेटली. तेवढ्यात ठरलं. एक भांडं ती रोज खिडकीत सरळ ठेवेल. ज्या दिवशी ते उपडं दिसेल, त्या दिवशी आम्ही जायचं. भांडं कोणतं ते सांगत नाही. ती खूण आता आम्ही बदललीय, म्हणून एवढं तरी बोलतोय.

दोन महिने आमच्यातली कुणी ना कुणी रोज त्या रस्त्यानं जायची. शेतातून येताना, शाळेतून पोराला आणताना नजर खिडकीकडं. एका संध्याकाळी भांडं उपडं दिसलं. आम्ही सहा जणी गेलो. ‘बँकेच्या कागदावर आजच्या आज तिची सही पाहिजे,’ असं म्हणत सरळ आत शिरलो आणि बसलो. चहा मागितला. तास गेला, दोन तास गेले, आम्ही उठलोच नाही. सहा बायका घरात ठाण मांडून बसल्यावर कुणाचा हात उठतो? तिच्या कपाळावर खोक पडली होती. रात्री तिला घेऊनच आम्ही बाहेर पडलो, आधी दवाखान्यात आणि तिथून तिच्या बहिणीकडं.

पुढचं काम कायद्यानं झालं. कौटुंबिक हिंसाचाराच्या विरोधातला कायदा २००५ चा आहे आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्या कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, तिला मनमानीनं बाहेर काढता येत नाही. मारहाण करू नये असा आदेश न्यायालयाकडून मिळतो. अर्ज करायला मदत म्हणून संरक्षण अधिकारी असतात. फोन हाताशी असेल तर महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर आहेत. दोन्ही पाठ करून ठेवा, लेकींनाही पाठ करायला लावा. आणि फोन हाताशी नसेल, तर निदान खिडकी तरी हाताशी असू द्या.

ती बाई आदेश घेऊन परत त्याच घरात राहायला आली. नवऱ्याची दारू पूर्ण सुटली असं आम्ही खोटं सांगणार नाही. पण हात उचलणं थांबलंय, आणि ती बैठकीला येते.

मागच्या वर्षी तिला घरकुल मंजूर झालं. ही प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ पासून आहे, तुमच्यापैकी कितीतरी जणींना माहीत आहे. घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. मंजुरी बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर, असा नियम आहे. आणि घर ठेकेदाराला देऊन टाकायचं नसतं, ते आपलं आपण उभं करून घ्यायचं असतं. म्हणजे कागदावर नाव आपलं, बांधून घेणाऱ्याही आपण. पण गवंडी येतो तेव्हा तो बोलतो कुणाशी? घरधन्याशी, दिराशी, सासऱ्याशी. आपण आत चहा टाकत असतो. चहाचा कप बाहेर जातो तोवर खिडक्या ठरलेल्या असतात.

तिच्या घराच्या भिंती कमरेएवढ्या आल्या तेव्हा ती आम्हाला घेऊन गेली. गवंड्याला म्हणाली, ‘दादा, चौकट बाहेरच्या अंगाला घ्या. मला आत कट्टा पाहिजे.’ नवरा म्हणाला, ‘कशाला? काय ठेवायचंय खिडकीत?’ ती म्हणाली, ‘माझं सामान.’

तो गप्प बसला. गवंड्यानं चौकट बाहेर घेतली.

मैत्रिणींनो, घर बांधायला काढलं असेल, किंवा जुन्या घराला खिडकी पाडायची असेल, तर एवढ्या चार-पाच गोष्टी आधी सांगा. गवंडी चौकट बसवायला घेतो त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या आणि तुम्ही तिथं उभ्या राहा.

पहिली गोष्ट तीच. नऊ इंची भिंतीत चौकट बाहेरच्या कडेला बसवली की आत पाच-सहा इंच जागा उरते. याला जास्तीची वीट लागत नाही, जास्तीचं सिमेंट लागत नाही. फक्त सांगावं लागतं, आणि वेळेवर सांगावं लागतं. एकदा चौकट पक्की झाली की मग फोडाफोड आणि खर्च.

दुसरी गोष्ट, तळाशी फरशी टाकून घ्या. आपल्याकडं शहाबादी सहज मिळते. आतून सपाट ठेवा. बाहेरच्या बाजूला फरशी भिंतीच्या दोन इंच पुढं काढा आणि तिला बाहेर उतार द्या. पुढं आलेल्या भागाला खालून, कडेजवळ, एक बारीक खाच मारून घ्या. पाणी त्या खाचेपर्यंत येतं आणि तिथून खाली गळतं, मागं भिंतीकडं ओघळत नाही. एवढ्याशा खाचेनं भिंत कोरडी राहते. आणि वर छज्जा हवाच. चौकट बाहेर घेतल्यावर तर नक्कीच हवा, नाहीतर पाऊस थेट झडपांवर येईल.

तिसरी गोष्ट उंचीची. बसायच्या खोलीत खिडकीचा तळ जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर ठेवला तर बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला बाहेर दिसतं. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना सगळं गाव तिथूनच भेटतं. येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो आणि त्यांचा दिवस जातो. स्वयंपाकघरात मात्र ओट्याच्या वर खिडकी घ्या, म्हणजे धूर आणि फोडणीची वाफ बाहेर जाईल आणि काम करता करता आपल्यालाही बाहेर दिसेल.

चौथी गोष्ट लेकरांची. खिडकी खाली घेतली की लेकरू चढणारच. गज आधी बसवा, मग झडपा. दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर ठेवा, म्हणजे पोराचं डोकं बाहेर जाणार नाही. माडीवरच्या खिडकीखाली बाज, पेटी, खुर्ची ठेवू नका.

पाचवी गोष्ट आपल्या भागासाठी. खिडकी भिंतीच्या कोपऱ्याला चिकटून काढू नका, निदान दोन फूट सोडा. खिडक्या-दारांच्या वरून सगळ्या घराला फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा घालून घ्या. खिडकीच्या तळाशीही तसा पट्टा घालता येतो, त्यानं भिंत आणखी बांधली जाते आणि आपल्या कट्ट्यालाही पक्का आधार मिळतो. किल्लारीनंतर या गोष्टींची हयगय आपल्याला परवडणारी नाही.

आता खिडकीत काय ठेवू नये तेही सांगतो, कारण हाताशी आलेली जागा सगळंच गिळायला बघते.

फवारणीचं औषध खिडकीत कधीच ठेवू नका. शेतातून आल्यावर बाटली ‘जरा वेळ’ म्हणून खिडकीत ठेवली जाते आणि तिथंच राहते. त्यातून ते थंडपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढलेलं असेल तर लेकराला काय कळणार? हे औषध घराबाहेर, कुलपात आणि त्याच्या मूळ डब्यातच ठेवायचं. उंदराच्या गोळ्यांचंही तसंच.

दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या आणि पातळ औषधं उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. उन्हानं आणि दमटपणानं ती खराब होतात. चिठ्ठी खिडकीत चालेल, औषध नाही.

तान्ह्या बाळाबद्दलही एक सांगायचंय. बाळ पिवळं दिसलं की ‘खिडकीतल्या उन्हात धरा’ असं घरची मंडळी सांगतात. त्यावर विसंबून राहू नका. बाळाचे डोळे, अंग पिवळं दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. आणि आपल्यासाठी सांगायचं तर, बंद काचेतून आलेल्या उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते किरण काच अडवते. ऊन घ्यायचं तर झडप उघडा, नाहीतर सरळ अंगणात या.

चिमण्यांची वाटी जरूर ठेवा, आमच्या सगळ्यांच्या खिडकीत असते. पाणी मात्र रोज बदला. बाटलीत वेल लावली असेल तर तिचंही पाणी आठवड्यातून एकदा तरी ओता आणि बाटली आतून घासा. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात.

आणि ज्यांची घरं झालीत, चौकटी आतल्या बाजूला बसल्यात, त्यांनी काय करायचं? त्यांनी हळहळत बसू नये. खिडकीच्या तळाला लागून भिंतीत दोन लोखंडी कोन ठोकून घ्या आणि त्यावर फरशीचा किंवा लाकडाचा वीतभर तुकडा टाका. एका दुपारचं काम आहे. आमच्यातल्या तिघींनी करून घेतलंय. एकीनं तर जुन्या पाटाची फळी वापरली. लग्नात आलेला पाट मोडला होता, तो आता खिडकीत बसलाय.

आजीच्या घराचंही सांगतो आणि थांबतो. ते माळवदाचं घर आता नाही. त्याच जागेवर मुलानं दोन खोल्यांचं घर बांधलं. आजीचे डोळे अधू झालेत, डाळ निवडणं होत नाही. पण तिच्या बाजेपाशी खिडकी आहे, आणि नातसुनेनं हट्ट करून तिला कट्टा करून घेतलाय. त्यावर चष्मा, चंची आणि रेडिओ. आजी, तुम्ही आत्ता ऐकताय हे आम्हाला माहीत आहे. आवाज साफ येतोय ना?

तुम्हा सगळ्यांना एक काम देतो. आज संध्याकाळी दिवेलागणीला आपल्या खिडकीपाशी जरा उभ्या राहा आणि तिथं काय काय आहे ते बघा. त्यातलं तुमचं किती, लेकरांचं किती, म्हाताऱ्यांचं किती ते मोजा. मग शेजारणीच्या खिडकीकडंही एक नजर टाका. नुसती चौकशी म्हणून नाही, काळजी म्हणून टाका. रोज दिसणारी वस्तू दिसेनाशी झाली, रोज उघडी असणारी झडप चार दिवस बंद दिसली, तर वाटीभर साखर मागायचं निमित्त करून जाऊन या. साखर नको असली तरी जा.